८४ गोळ्यांच्या अलीकडे, पलीकडे

जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी १९८६ ते २०१७ अशी ३१ वर्षं काढली. रक्त घ्यायचं, नळीवर नंबर टाकायचा, कार्डवर थेंब सोडायचा आणि घड्याळाकडे बघत थांबायचं. हिपॅटायटिस सीच्या कार्डवर एकच रेघ उमटली की माणूस घरी जायचा. दुसरी उमटली की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला व्हायचं नाही, कारण तेव्हा त्याला देण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नव्हतं. आज आहे. म्हणून या आजारावर बोलायला लागलो की मला थांबवत नाही.

माझी भाची यकृताची डॉक्टर आहे, मोठ्या शहरात वॉर्ड सांभाळते. दिवाळीला ती घरी आली होती, त्याच सकाळी गल्लीतले एक रिक्षावाले गृहस्थ पेढे घेऊन आले. माझ्याच आग्रहानं त्यांनी तपासणी केली होती. सिव्हिलमधून १२ आठवडे फुकट गोळ्या घेतल्या, रोज एक याप्रमाणे ८४. नंतरच्या तपासणीत व्हायरस सापडला नाही. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "सुटलात तुम्ही!" ते गेले आणि भाचीनं एकच प्रश्न विचारला. त्या प्रश्नावरून सुरू झालेलं आमचं बोलणं दुपार कलेपर्यंत चाललं. आठवतं तसं इथे मांडतो आहे.

भाची : मामा, त्यांचा औषध सुरू करण्याआधीचा रक्ताचा रिपोर्ट आहे का तुमच्याकडे?

मी : कपाटात आहे, त्यांनीच ठेवायला दिलाय. पण आता तो कशाला? गोळ्या संपून १२ आठवडे झाले, व्हायरल लोड तपासला, व्हायरस नाही. यालाच तुम्ही डॉक्टर बरा झाला म्हणता ना?

भाची : व्हायरस गेला हे खरंच, आणि त्याचा आनंद मलाही आहे. लिव्हरचं काय झालंय ते मात्र जुना रिपोर्ट सांगेल. माझ्या वॉर्डात हिपॅटायटिस सीचे रुग्ण दगावतात ते पोटात पाणी भरून, रक्ताची उलटी होऊन, शुद्ध हरपून, नाहीतर लिव्हरच्या कॅन्सरनं. त्यातल्या काहींचा व्हायरस केव्हाच गेलेला असतो.

मी : तुझ्या वॉर्डात कोण येतं? ज्याचं सगळं हाताबाहेर गेलंय तो. मी पाहिली ती माणसं वॉर्डाच्या आधीची आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा या विषाणूला नावसुद्धा नव्हतं. काविळीचे ए आणि बी हे दोन विषाणू ठाऊक होते. रक्त चढवल्यावर होणारी जी कावीळ या दोन्हींत बसायची नाही, तिला 'नॉन-ए, नॉन-बी' म्हणत. १९८९ साली विषाणू ओळखला गेला, मग तपासणी आली, आणि रक्तपेढीतली प्रत्येक बाटली तपासायला आणखी कितीतरी वर्षं गेली. तोवर ज्यांना रक्त चढलं, एकाच सुईनं ज्यांना इंजेक्शनं टोचली गेली, त्यांना कुणी सांगितलं का, की तुमच्या अंगात काय शिरलंय? माझ्या लेखी या आजारात मरणाचं कारण एकच, ते म्हणजे उशीर. तपासा, गोळ्या द्या, माणूस वाचतो. बाकीची तुमची यादी, दारू, वजन, वय, ही त्यानंतरची गोष्ट.

भाची : उशीर हे सगळ्यात मोठं कारण आहे, मान्य. पण एकमेव म्हणू नका. एकाच वर्षी संसर्ग झालेली दोन माणसं घ्या. वीस वर्षांनी एकाचं लिव्हर ठणठणीत असतं आणि दुसऱ्याला सिरोसिस झालेला असतो. उशीर दोघांनाही सारखाच झालाय. मग फरक कुठून आला?

मी : नशीब म्हणतात लोक.

भाची : त्या नशिबातलं बरंचसं आता मोजता येतं. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांचं शरीर सहा महिन्यांत व्हायरसला आपणच बाहेर काढतं. उरलेल्या ७० टक्क्यांत तो मुक्काम ठोकतो. त्यांच्यापैकी १५ ते ३० टक्क्यांना वीस वर्षांत सिरोसिस होतो. १९९७ साली फ्रान्समध्ये दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या लिव्हरचे बारीक तुकडे तपासून हिशेब मांडला गेला. संसर्गापासून सिरोसिसपर्यंत सरासरी ३० वर्षं लागतात असं निघालं. पण चाळिशीनंतर संसर्ग झालेल्या पुरुषांत तीच वाट १३ वर्षांत संपत होती, आणि चाळिशीआधी संसर्ग झालेल्या, दारू न पिणाऱ्या बायकांत ती ४२ वर्षांपर्यंत लांबत होती. व्हायरस तोच, आणि वाट तिपटीहून लांब.

मी : बायकांचं मीही वाचलंय. आयर्लंडमधलं प्रकरण. १९७७-७८ मध्ये बाळंतिणींना रक्तगटाच्या कारणानं अँटी-डीचं इंजेक्शन दिलं गेलं, आणि त्या औषधातच हा व्हायरस होता. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? पण सतरा वर्षांनी त्यातल्या ३७६ जणींना तपासलं तेव्हा सिरोसिस झालेल्या जेमतेम २ टक्के निघाल्या. बघ, हा तुझ्या वॉर्डाबाहेरचा आकडा. वॉर्डातून पाहिलं की नदीत पडलेला प्रत्येक माणूस बुडतोच असं वाटतं, कारण पोहून काठाला लागलेला तुमच्याकडे येतच नाही.

भाची : हे तुमचं म्हणणं आमच्या शास्त्रातही मानलंय. रुग्णालयातल्या आकड्यांवरून सगळ्यांचं भविष्य सांगू नये. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा तुम्ही सोडलात. निम्म्या बायकांच्या लिव्हरवर व्रण दिसायला लागले होते. पुढे त्या बायकांचा मागोवा घेणं चालूच राहिलं, आणि ३६ वर्षांनी व्हायरस अंगात राहिलेल्यांपैकी जवळपास पाचातल्या एकीला सिरोसिस झालेला होता. त्यातही ज्या जास्त दारू पीत होत्या किंवा ज्यांना मधुमेह होता, त्यांचा आजार जास्त पुढे गेला. तरुणपणी लिव्हर जखम भरून काढतं. वय वाढलं की भरण्याचा वेग मंदावतो आणि व्रण पडण्याचा वाढतो. सुरुवातीची वीस वर्षं पाहून पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळेच.

मी : व्रण म्हणजे नेमकं काय ते सांग. मी आयुष्यभर रक्त पाहिलं, लिव्हर कधी पाहिलं नाही.

भाची : हा व्हायरस लिव्हरच्या पेशीत राहतो. आपली प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते, वर्षानुवर्षं. प्रत्येक चकमकीनंतर जखम भरते आणि थोडा चिवट धागा मागे राहतो. धागे वाढत जाऊन लिव्हरला गाठीगाठींचं रूप आलं की त्याला सिरोसिस म्हणायचं. आता आतड्यांतलं सगळं रक्त लिव्हरमधून जायला हवं, पण वाट अडलेली. पाटात गाळ साचला की पाणी मागे तुंबतं आणि बांध फोडून भलतीकडे शिरतं, तसंच होतं. प्लीहा सुजते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, एखाद्या रात्री फुटतात. पोटात पाणी साठतं. मी परवाच एका माणसाच्या पोटातून पाच लिटर पाणी काढलं, पेंढ्याच्या रंगाचं. त्यांना दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले, तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते. सही करायला कागद दिला. त्यांनी बराच वेळ पेन धरलं आणि एक वेडीवाकडी रेघ ओढून कागद परत दिला. लिव्हर गाळून टाकतं ती घाण मेंदूपर्यंत गेली की असं होतं. त्यांची बायको मला सांगत होती, यांचं अक्षर गावात सगळ्यांत सुंदर होतं.

*(थोडा वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मग मी मनात बरीच वर्षं राहिलेली एक गोष्ट तिला सांगितली.)*

मी : आता माझं ऐक. शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. १९८८ साली दुसऱ्या बाळंतपणात त्यांना दोन बाटल्या रक्त चढलं होतं. पुढे २६ वर्षांनी त्यांच्या कार्डवर मीच दोन रेघा पाहिल्या. मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे ओपीडीत सगळ्यांसमोर पहिला प्रश्न विचारला, "किती पिता?" ज्या बाईनं आयुष्यात थेंब चाखला नाही तिला! बरोबर दीर होता. लिव्हर खराब म्हणजे दारू, हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ. घरी कुजबुज सुरू झाली. त्यांचा कप वेगळा झाला, ताट वेगळं झालं. एकत्र जेवल्यानं, शेजारी बसल्यानं हा आजार लागत नाही हे मी स्वतः जाऊन सांगितलं, पण कप वेगळा तो वेगळाच राहिला. त्या बाई परत दवाखान्यात गेल्याच नाहीत. कुणी काविळीची माळ घातली, कुणी मुळीचा रस पाजला. पुन्हा भेटल्या त्या कॅज्युअल्टीत, रक्ताच्या उलटीनं भिजलेल्या पदरात. आता सांग, तुझ्या जोखमीच्या यादीनं त्यांचं काय भलं केलं? माणूस मरतो आणि वर तुम्ही म्हणता, त्याचंच चुकलं.

भाची : नाही मामा, असं मी म्हणणार नाही. तो प्रश्न तसा विचारला गेला ही आमची चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत त्या बाईंनी मोजली. पण चूक यादीची नव्हती. यादी कशासाठी असते हेच तिथे कुणी लक्षात घेतलं नाही. जोखीम आणि दोष हे वेगळे शब्द आहेत. पुरुष असणं, वय चाळिशीच्या पुढे असणं यात कुणाचा दोष असतो का? तरी ती जोखीम आहेच.

मी : मग बदलताच येत नाही ते मोजायचं कशाला?

भाची : घाई कुणासाठी करायची ते कळावं म्हणून. मी यादीचे दोन भाग करते. वय, लिंग, संसर्ग होऊन किती वर्षं झाली, व्हायरसचा प्रकार, हे बदलत नाहीत. पण हजार माणसं रांगेत असताना आधी कुणाला गाठायचं ते हेच सांगतात. आपल्या देशात सगळ्यात जास्त आढळतो तो व्हायरसचा तिसरा प्रकार. तो लिव्हरमध्ये चरबी साठवतो, त्यात व्रण लवकर वाढतात आणि कॅन्सरची शक्यताही जास्त. आणि दुसऱ्या भागात येतं ते ज्याला हात घालता येतो : दारू, वजन, शुगर, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि खुद्द व्हायरस. काय करायचं ते हा भाग सांगतो. दोन्ही भागांत कुणाला दोष द्यायचा असं कुठेच लिहिलेलं नाही.

मी : दारूचं तेवढं जपून बोल. पिणाऱ्याला "आधी सोड, मग गोळ्या देतो" म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय. तो सोडतही नाही आणि येतही नाही.

भाची : ते चुकीचंच होतं, आणि आताच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. दारू चालू आहे म्हणून गोळ्या अडवायच्या नाहीत. दोन्ही कामं एकदम सुरू करायची. पण दारू काय करते ते मी लपवणारही नाही. त्या फ्रेंच हिशेबात रोज ५० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल हा टप्पा धरला होता, त्यापुढे व्रणांचा वेग वाढत होता. ५० ग्रॅम म्हणजे किती, माहीत आहे?

मी : ग्रॅममध्ये कोण पितं?

भाची : म्हणूनच मी क्वार्टरमध्ये सांगते. आपल्याकडची १८० मिलीची एक क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. "डॉक्टर, मी फार घेत नाही, रोज रात्री एक क्वार्टर" असं सांगणारा माणूस तो टप्पा रोज ओलांडतो. हे मी ओरडून सांगत नाही. एकट्याला बसवून, कागदावर लिहून सांगते. आणि सिरोसिस झालेला असेल तर एक थेंबही नको, हेही.

मी : आणि शुगर?

भाची : शुगरचं जाळं दोन्ही बाजूंनी आहे. हा व्हायरस स्वतःच शरीराला इन्सुलिनचं ऐकू देत नाही, त्यामुळे या रुग्णांत मधुमेह जास्त दिसतो. आणि मधुमेह असला की लिव्हरमधले व्रण आणि कॅन्सर, दोन्हींची शक्यता वाढते. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द आता इतके दिसतात की लोक ते वाचतही नाहीत. ज्याच्या लिव्हरला हिपॅटायटिस सीची झळ लागलीय त्यानं ते वाचायला हवेत. आता बघा, तुमच्या रिक्षावाल्या काकांना शुगर आहे का?

मी : आहे. सहा वर्षं झाली. आज आपल्याबरोबर दोन पेढे त्यांनीही खाल्ले.

भाची : बरं. आणि हिपॅटायटिस बीची तपासणी?

मी : तेवढं नक्की झालंय. मीच पाहिलं, निगेटिव्ह आहे.

भाची : मग बीची लस त्यांना देऊन टाकू. सीवर लस नाही, पण बीवर आहे. एकाच सुईनं दोन्ही विषाणू येऊ शकतात, आणि दोघं मिळून लिव्हर लवकर संपवतात. सीच्या गोळ्या चालू असताना दबून बसलेला बी उसळल्याची उदाहरणं घडली आहेत. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गोळ्यांवर त्याचा ठळक इशारा छापायला लावला. एचआयव्हीचंही तसंच. प्रतिकारशक्ती खचली की सीला मोकळं रान मिळतं. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर तो वेग कमी होतो.

मी : हे सगळं मला पटतं, पण क्रम पटत नाही. तू एकेका माणसाजवळ बसून सहा गोष्टी तपासतेस. मला अख्खा तालुका दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात जगात ५ कोटी लोकांना हा आजार आहे, त्यातले आपल्या देशात ५५ लाखांच्या आसपास. २०२२ या एका वर्षात जगात २ लाख ४२ हजार माणसं यानं गेली. त्यांच्यातल्या किती जणांना आपल्याला आजार आहे हे ठाऊक होतं? इजिप्तकडे बघ. तिथे जुन्या काळी कृमींच्या आजारावर सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली, सुया नीट उकळल्या नाहीत, आणि देशभर हा व्हायरस पसरला. त्याच देशानं २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे ५ कोटी माणसं तपासली. जे सापडले त्यांना गोळ्या दिल्या. आधी कार्डवर थेंब घेतला. मला तसं काम हवंय.

भाची : आणि मी त्या कामाच्या आड येत नाहीये. या गोळ्यांनी शंभरात ९५ हून जास्त लोक व्हायरसमुक्त होतात. त्यातलं सोफोसबुविर अमेरिकेत २०१३ च्या शेवटी आलं तेव्हा एक गोळी १००० डॉलरला होती, ८४ गोळ्या ८४,००० डॉलरला. आपल्या देशातल्या कंपन्यांनी ती बनवायला घेतली आणि किंमत कुठल्या कुठे उतरली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणीही मोफत आणि औषधही मोफत. हे माझ्या पिढीच्या डॉक्टरांना मिळालेलं मोठं देणं आहे.

मी : माझ्या वेळी इंटरफेरॉन होतं. सहा महिने, वर्षभर इंजेक्शनं, अंगात ताप, मनावर मळभ. आणि एवढं सोसून कितीतरी जणांचा व्हायरस जागेवरच.

भाची : त्या इंटरफेरॉनच्या काळातल्याच रुग्णांचा एक हिशेब तुमच्या बाजूनं सांगते. ५३० रुग्ण, सगळ्यांच्या लिव्हरवर आधीच खूप व्रण. त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचा व्हायरस गेला त्यांच्यात दहा वर्षांत लिव्हरमुळे मृत्यू किंवा लिव्हर बदलण्याची वेळ आली ती शंभरात जेमतेम दोघांवर. ज्यांचा गेला नाही त्यांच्यात शंभरात सत्तावीस जणांवर.

मी : दोन आणि सत्तावीस! मग वाद कशाचा?

भाची : त्या दोघांचा. आणि तुम्ही वापरलेल्या 'सुटलात' या शब्दाचा. २०२३ मध्ये ब्रिटन आणि कॅनडातल्या २१ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास छापून आला. सगळे या नव्या गोळ्यांनी बरे झालेले. तरीही त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा ३ ते १४ पट होतं. लिव्हर जितकं आधी खराब झालेलं, तितकं ते जास्त. मृत्यूची मुख्य कारणं दोन, नशेच्या औषधांशी जोडलेली आणि लिव्हरची. व्हायरस गेला, पण ज्या जगण्यात तो आला होता ते जगणं तसंच राहिलं. सिरोसिस होता तोही राहिला. सिरोसिसच्या माणसाला व्हायरस गेल्यावरही लिव्हरच्या कॅन्सरची शक्यता उरते, दरवर्षी शंभरात एक-दोन जणांना. लवकर सापडला तर इलाज आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मामा, आता तो रिपोर्ट द्या.

*(मी कपाटातून फाइल काढली. रिपोर्ट खासगी प्रयोगशाळेतला, गोळ्या सुरू होण्याआधीच्या आठवड्यातला. तिनं तो पेढ्यांच्या बॉक्सशेजारी पसरला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन टेकवलं.)*

भाची : वय?

मी : ५४.

भाची : एसजीओटी ८८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख १० हजार. हा हिशेब कुणालाही जमेल, मोठं यंत्र लागत नाही. वयाला एसजीओटीनं गुणा, ५४ गुणिले ८८, झाले ४७५२. एसजीपीटीचं वर्गमूळ ८. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे ११०. त्याला ८ नं गुणलं की ८८०. आता ४७५२ भागिले ८८०.

मी : ५.४.

भाची : या आकड्याला फिब-फोर म्हणतात. १.४५ च्या खाली असेल तर फार व्रण नसावेत. ३.२५ च्या वर असेल तर लिव्हर बरंच कठीण झालेलं असण्याची दाट शक्यता. हा ५.४ आहे. पक्कं सांगायला लिव्हर किती कठीण झालंय ते मोजणारं फायब्रोस्कॅन करावं लागेल, पण सिरोसिस धरूनच चालायला हवं. गोळ्या संपल्यावर त्यांची सोनोग्राफी झाली का?

मी : नाही. मीच त्यांना म्हणालो, आता दवाखान्याची पायरी चढायची गरज नाही.

*(त्या कागदावरचा प्लेटलेटचा आकडा मी बघत राहिलो. असे आकडे मी स्वतःच्या हातानं हजारो वेळा रजिस्टरमध्ये लिहिले असतील. एक लाख दहा, पंचाण्णव हजार. पावसाळा असला की आम्ही म्हणायचो डेंग्यू असेल, आणि पान उलटायचो. सुजलेली प्लीहा प्लेटलेट अडवून धरते, तेव्हा तो आकडा लिव्हरचीही खबर देत असतो, हे मी शिकलो होतो. पण माझं लक्ष कायम दुसऱ्या रेघेवर.)*

भाची : मामा, असे गप्प बसू नका. तुम्ही आग्रह धरला नसता तर हा माणूस दोन-चार वर्षांनी माझ्याकडे पंजे फडफडवत आला असता. आज तो स्वतःच्या पायांनी पेढे घेऊन आला. ८४ गोळ्यांच्या अलीकडचा उशीर तुम्ही संपवलात.

मी : आणि पलीकडचा सुरू करून दिला. उशीर हेच कारण असं सकाळपासून म्हणतोय मी, पण गोळी संपल्यावरही तो होऊ शकतो हे माझ्या डोक्यात नव्हतं.

भाची : माझ्या डोक्यात तुमच्या शिवणकामवाल्या बाई राहतील. उद्यापासून माझ्या ओपीडीत पहिला प्रश्न दारूचा नसेल. आधी विचारेन, कधी रक्त चढलं होतं का, ऑपरेशन झालं होतं का, गावात इंजेक्शनं घेतली होती का. दारूचं विचारेन, पण पडद्याआड आणि सगळ्यांनाच. त्या बाईंना हाकलून लावणारा प्रश्नसुद्धा उशिराचंच कारण होता. तो माझ्या यादीत नव्हता.

मी : मग यादी अशी लिहू. तपासणी न होणं. झाली तरी लाजेनं परत न जाणं. दारू. शुगर आणि चरबी. सोबतचा बी, सोबतचा एचआयव्ही. वाढतं वय. आणि बरा झाल्यावर पाठ फिरवणं.

भाची : शेवटच्याच्या पुढे लिहा, ज्याचं लिव्हर आधीच कठीण झालंय त्याच्यासाठी. ज्याचे व्रण कमी आहेत त्याला उगाच घाबरवायचं नाही. त्याला खरोखर सुटलात म्हणता येतं. फक्त एक सांगायचं की कार्डवरच्या दोन रेघा आता जन्मभर दिसतील, कारण त्या अँटिबॉडीच्या आहेत. ते पाहून कुणी पुन्हा आजारी ठरवलं तर व्हायरल लोडचा कागद दाखवायचा. आणि हा आजार एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. उघडी सुई, एकमेकांचं ब्लेड, हे टाळायचंच.

मी फोन लावला. रिक्षावाले गृहस्थ स्टँडवर होते, मागे हॉर्नचा गोंगाट. मी त्यांना सगळं सांगितलं. सकाळी मी जे बोललो ते अर्धवट होतं, हेही सांगितलं.

"म्हणजे तो परत आला का हो?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"नाही. तो गेला. पण इतकी वर्षं राहून लिव्हरवर खुणा करून गेलाय. त्या खुणांवर लक्ष ठेवायचं. सोनोग्राफी करायची, दर सहा महिन्यांनी."

"किती दिवस?"

मी भाचीकडे पाहिलं. तिनं फोन हातात घेतला. "काका, कायमच. शुगरची औषधं चुकवू नका, दारू घेत असाल तर मला खरं सांगा, मी रागावणार नाही. पहिल्या वेळी मामा येतील तुमच्याबरोबर."

पलीकडे बराच वेळ फक्त हॉर्न ऐकू येत होते. मग त्यांनी विचारलं, "सोमवारी येऊ का? उपाशीपोटी यायचं ना?"

"हो," मी म्हणालो, "उपाशीपोटी. साडेआठला मी दारातच उभा असेन."